उस्तादांचा हात
सूनबाईने सात मजली इमारतीची लिफ्ट बंद केली, वरच्या मशीनच्या खोलीला कुलूप ठोकलं, आणि बघता बघता सगळी बिऱ्हाडं जिन्यात जमा झाली. लिफ्ट दुरुस्तीची रीतसर परीक्षा देऊन तिने नुकतंच लायसन्स मिळवलं होतं. पण लोकांच्या लेखी ती अजून उस्तादांची सूनबाईच!

उस्ताद म्हणजे तिचे सासरे. मोटरला नुसता कान लावून लिफ्टचं दुखणं सांगणारा माणूस, अशी त्यांची ख्याती. ख्याती मोठी चिवट असते हो, माणूस थकला तरी ती थकत नाही. गेली कित्येक वर्षं उस्तादांचे हात असे कापत होते की कपातला चहा बशीत आणि बशीतला धोतरावर. कान लावायचे ते, पाना फिरवायची सूनबाई, आणि खाली उभे राहून लोक म्हणायचे, "वा, उस्ताद!" घरची अब्रू म्हणून तिने कधी चकार शब्द काढला नाही.

आज कुलूप ठोकण्याआधी तिने लिफ्टच्या पोलादी दोरांवरून फडकं फिरवलं. दोर धड असेल तर फडकं सरसर जातं, बारीक तारा तुटल्या असतील तर अडकतं. ते जागोजागी अडकलं आणि शेवटी त्याच्या चिंध्याच हातात आल्या.

"दोर बदलल्याशिवाय लिफ्ट चालू होणार नाही," तिने इमारतीच्या अध्यक्षांना बजावलं आणि लायसन्स पुढे केलं.

"अहो, कागद काय, कुणालाही मिळतो!" अध्यक्ष हसले. "अनुभव लागतो. मोटरचा आवाज तर कालपर्यंत एकदम मस्त येत होता. उस्तादांना बोलवा."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुटलेली तार काय ओरडून सांगते? आणि हा शहाणा चौथ्या मजल्यावरच्या गरोदर बाईला त्याच दोरांवर लटकवायला निघालाय!

उस्ताद धापा टाकत जिना चढून आले. म्हातारा मानाचा भुकेला. चारचौघांत "चालेल" म्हणाला की तिच्या कुलपाला कोण विचारतंय? पण उस्ताद मोटरपाशी गेलेच नाहीत. त्यांनी तिच्या हातातल्या चिंध्या पाहिल्या.

"दोर गेलेत. लिफ्ट बंद ठेवा."

"मग बंद!" अध्यक्ष लगेच म्हणाले. "उस्तादांचा शब्द म्हणजे शब्द."

"आणि मी सकाळपासून काय वेगळं सांगत होते?" सूनबाई कडाडली.

उस्तादांनी दोन्ही हात पुढे धरले. ते थरथरत होते. "या हातांनी साधा स्क्रू धरवत नाही. इतकी वर्षं तुमची लिफ्ट हिनेच राखली. वाहवा तेवढी मी खाल्ली."

अध्यक्षांचा चेहरा लालबुंद झाला. "म्हणजे लायसन्स नसताना ही बाई आमच्या लिफ्टला हात लावत होती? ही शुद्ध फसवणूक आहे!"

जिन्याची एक पायरी उतरून सूनबाई त्यांच्या पुढ्यात उभी राहिली. "अध्यक्षसाहेब, अनुभव माझा, आज कागदही माझा. आता काय नडतंय, ते एकदा तोंडाने बोला."

अध्यक्ष उस्तादांकडे वळून म्हणाले, "दोर बदलायला कुणी चांगला माणूस आहे का हो तुमच्या माहितीत?"