ज्यांच्याविषयी लिहिले, त्यांना आधी वाचून दाखवा

ढाकणे सरांची आणि माझी पहिली भेट मस्तगडातल्या त्यांच्या घरी झाली आणि ती फारशी गोड झाली नाही. मी तेव्हा जालन्याच्या एका दैनिकाची रविवार पुरवणी पाहत असे. मराठे आणि इंग्रज यांच्यात १८०३ साली झालेल्या असईच्या लढाईवर पानभर लेख लिहून तयार होता. सर अंबडला महाविद्यालयात इतिहास शिकवत आणि रोज एसटीने जात-येत. जिल्ह्याच्या इतिहासावर काही छापायचे असेल तर आधी त्यांच्या नजरेखालून घालायचे, असा आमच्या कचेरीचा रिवाज होता. मी पाकीट पुढे केले आणि म्हणालो, "सर, ठेवून जातो. सवडीने बघा."

"ठेवू नका. बसा आन् वाचा. मोठ्यानं."

वर्गात शुद्ध पुस्तकी मराठी बोलणारे सर घरात आपल्या बोलीवर येत. मी वाचत गेलो. दोन नद्यांमधले मैदान, तोफांच्या रांगा, घोडदळाची धाव. सर डोळे मिटून ऐकत होते. लेख संपल्यावर त्यांनी विचारले, "लढाई झाली बराबर. मेलेले कुठं हायत?"

"शेवटच्या परिच्छेदात आकडा आहे, सर."

"आकडा हाय. माणसं न्हाईत. आन् हे गोलंदाज मेल्याचं सोंग घेऊन पडले, मागून उठून तोफा डागल्या, हे कुठून घेतलं?"

"इंग्रजांच्या हकिगतीत आहे."

"जखमी माणूस पडतो, शुद्धीवर येतो, उठतो. त्याला सोंग म्हणणारा कोण? ज्याच्या पाठीत गोळा बसला तो. तुम्ही कुणाच्या बाजूला उभं राहून लिहिलं, तेवढं बघा."

सरांचा अभिप्राय असाच असे. ते खुणा करत नसत, प्रश्न विचारत. त्यांचा खरा प्रश्न मात्र अजून यायचा होता. लेखात एक वाक्य होते: नदीचा उतार, म्हणजे पायी ओलांडायची जागा, शत्रूला दाखवणारे घराणे आजही त्या काठच्या गावात राहते. हे वाक्य भोकरदनच्या बाजूला कुणाच्याही तोंडी ऐकू येई.

"हे कुणी सांगितलं?"

"सगळेच म्हणतात, सर."

"इंग्रज सेनापती काय म्हणतो, ठावं हाय? वाटाडे म्हणाले, इथं उतार न्हाई. त्यानं नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं बघितली आन् ताडलं, की जाण्यायेण्याची वाट असणारच. त्यानं स्वतः सांगितलेलं हाय हे. तरी तुम्हाला वाक्य ठेवायचं आसंल तर ठेवा. अट एकच. ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांना आधी वाचून दाखवा. उद्या मला सुट्टी हाय."

पुरवणीची पाने दुसऱ्या दिवशी संध्याकाळी छपाईला सुटायची होती. संपादक महाशय फोनवर म्हणाले, "अहो, उतार दाखवणारं घराणं हीच तर बातमी आहे! ते काढलं तर उरतं काय?" तरी मी सरांबरोबर निघालो. राजूरला उतरून चहा घेतला, पुढे मिळेल त्या गाडीने गेलो. गावाचे नाव मी इथे मुद्दाम देत नाही.

मेंढ्यांच्या वाड्याशेजारी पत्र्याचे घर. त्या घराण्यातल्या गयाबाईंनी घोंगडी अंथरली. सरांना त्या ओळखत होत्या. "संगं कोन आणलं, सर?"

"पेपरवाले हायत. लढाईवर लिहिलंय. ऐकून घ्या."

मी वाचू लागलो. ते वाक्य जवळ आले तसा माझा आवाज खाली गेला आणि मी थांबलो.

"थांबला काहून?" गयाबाई म्हणाल्या. "म्होरलं आमचंच आसंल. वाच लेकरा, आम्हाला काय नवं हाय? पाण्याला गेलं की बाया म्हणतेत, सरका गं, उतारवाली आली. नातीचं जमत आलतं. पाव्हण्यांच्या कानात कुणी तरी घातलं. चहा बी न घेता उठून गेले." मग त्यांनी मलाच विचारले, "आमचा कोन म्हातारा व्हता तो? त्याचं नाव लिहिलंस का?"

नाव कुठेच नव्हते.

"नाव न्हाई, गाव न्हाई, आन् गद्दार मात्र बराबर हाय."

सरांनी त्यांना इंग्रज सेनापतीची हकिगत समजावून सांगितली. वाटाड्यांनी उतार नाहीच म्हणून सांगितले होते, कुणी काही दाखवले नव्हते. बाईंनी शांतपणे ऐकले आणि म्हणाल्या, "मंग हे गावाला सांगा की. मला काहून सांगता?"

 

लेख ते वाक्य वगळून आणि खरी हकिगत घालून छापला गेला. संपादकांनी तो पहिल्या पानावरून आतल्या पानावर ढकलला. सर पुढे गावात गेले आणि पारावर सगळ्यांसमोर बोलले. लोकांनी टाळ्याही वाजवल्या. लढाईच्या स्मारकासाठी तेव्हा एक समिती होती आणि सर तिचे अध्यक्ष होते. समितीतले एक गृहस्थ उठून म्हणाले, "सर, तुमचं खरं आहे. पण फितूर झाल्याशिवाय आपण हरलो कसे?" माणसे हसली, आणि त्या हसण्यात सरांचे सगळे भाषण वाहून गेले.

समितीच्या पुस्तिकेचा मसुदा अभिप्रायासाठी सरांकडेच आला. त्यात तेच वाक्य होते. सरांनी ते काढायला सांगितले. पुस्तिका छापून आली तेव्हा वाक्य जागेवर होते आणि पहिल्या पानावर मार्गदर्शक म्हणून सरांचे नाव होते. सरांनी अध्यक्षपद सोडले. जवळची काही माणसे तुटली. "एका वाक्यासाठी एवढं काय, सर?" असे मीही विचारून पाहिले. ते म्हणाले, "मेलेल्यांवर खोटं लिहिलं तर ते भांडायला येत न्हाईत. त्याची किंमत जित्यांना द्यावी लागते."

तेव्हापासून दरवर्षी लढाईच्या दिवशी सर त्या गावी जातात. पारावर ती हकिगत ते मोठ्याने वाचत. ऐकायला मोजकी माणसे असतात. गयाबाई मात्र दरवर्षी पुढे येऊन बसत.

सरांची माया अशीच कोरडी असते आणि आत उतरते. माझे वडील गेले तेव्हा मी त्यांच्यावर एक लेख लिहिला आणि सवयीने सरांना वाचून दाखवायला गेलो. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले, एकही प्रश्न विचारला नाही. माझ्या हातातले कागद घेऊन नीट घडी घातली आणि म्हणाले, "हे छापू नका. आईला वाचून दाखवा." मी तसेच केले. आयुष्यात मी लिहिलेल्यातला तो एकच लेख असा आहे, की त्याचा मला कधी पश्चात्ताप झाला नाही.

आता सरांना पंचाहत्तरावे वर्ष लागले आहे. डोळे जवळजवळ गेले आहेत. पारावर हकिगत मी वाचतो, सर शेजारी बसतात. गयाबाई गेल्या. त्यांच्या नातीचे लग्न पुढे झाले, पण लांब, जिथे या गावाचे नाव कुणाला माहीत नाही अशा मुलखात. गयाबाईंच्या दहाव्याला नदीवर कुणी तरी सहज बोलून गेले, "उतारवाली गेली." सर तिथे होते. त्यांनी ते ऐकले.

सरांच्या गौरवग्रंथासाठी लिहिलेला हा लेखही रिवाजाप्रमाणे त्यांना वाचून दाखवला. पहिल्या खर्ड्यात त्यांच्या विद्वत्तेवर दोन परिच्छेद होते. ते त्यांनी काढायला लावले. मग विचारले, "गयाबाईंच्या घराला अजून उतारवाले म्हणतेत, हे लिहिलं का?"

"गौरवग्रंथ आहे, सर. त्यात ते कसं लिहू?"

"मंग माझा गौरव कशाचा? लिहा. आन् गयाबाई न्हाईत, तर त्यांच्या लेकाला वाचून दाखवा."

म्हणून मी परवा एकटाच गेलो. गयाबाईंचा मुलगा मेंढ्या वाड्यात बसवून आला, हात धुऊन समोर बसला आणि सगळे ऐकले. मग म्हणाला, "बराबर हाय. सरांची तब्येत कशी हाय? त्यांना म्हणावं, औंदा बी या. तुम्ही न्हाई आले तर पारावर मंग दुसरंच वाचतील लोकं."

सरांना उदंड आयुष्य आणि निरोगी देह लाभो, ही माझी इच्छा आहेच. पण तिच्याआधी ही त्या घराची मागणी आहे. ती मी जशी ऐकली तशी इथे लिहिली आहे.