बेरीज दादा करेल

हे दयाघना, तू जीवाला या जगात धाडतोस तेव्हा त्याच्या अंगावर सुताचा धागा नसतो आणि छातीवर शाईचे अक्षर नसते. कोण राजा, कोण बाहुली, कोण वाघ, कोण परी, यातले काहीही तू लिहून पाठवत नाहीस. पाटी कोरी ठेवतोस, तिच्यावर रेघोट्या ओढण्याचे काम आम्हा शहाण्यांवर सोपवतोस आणि गालातल्या गालात हसत बसतोस. त्या तुझ्या हसण्याला आधी नमस्कार. आणि मग नमस्कार एका माउलीला, जिने बावीस वर्षे लेकरांच्या छातीवर अक्षरे छापली आणि जिच्या एका ओळीपायी घरातली मोजणी आठ दिवस बंद पडली.

तिला सगळे छापमावशी म्हणत. लहान मुलांचे कपडे शिवणाऱ्या कारखान्यात, मागच्या खोलीत, एका लांब टेबलापाशी ती उभी असे. सदरा पसरायचा, त्यावर जाळीची चौकट टेकवायची, चौकटीत रंग ओतायचा आणि रबराची पाती दोन्ही हातांनी अशी ओढायची की अक्षर ना फाटावे, ना फुगावे. पाती ओढताना मावशीचा श्वास थांबे, चौकट उचलली की सुटे. असे दिवसाला शेकडो श्वास तिने परक्या लेकरांना वाहिले होते.

टेबलाच्या कोपऱ्यात एक लोखंडी वजन असे. मालक मजकुराची चिठ्ठी त्या वजनाखाली ठेवून जात. वजनाखाली आले ते छापायचे, हा तिथला कायदा. मजकूर ठरलेला: मुलग्यांना निळ्या रंगात ‘उद्याचा राजा’, ‘वादळ आलं, बाजूला व्हा’, मुलींना गुलाबी रंगात ‘आईची बाहुली’, ‘हळू बोला, परी झोपली आहे’. मावशी म्हणे, “बघा हो काका, मुलगा जन्मतो तो वादळ होऊन, आणि मुलगी जन्मते ती झोपलेली. मग घरातली कामं करतं कोण? राजा?”

चौकटवाले काका, म्हणजे मजकुराच्या जाळ्या तयार करणारे गृहस्थ, मिशीत हसत. “तुम्ही छापा मावशी. झोपलेल्यांना जागं करायचा पगार आपल्याला नाही.”

एके दिवशी चिठ्ठी आली: ‘मला फक्त नटायला आवडतं’. मावशीची तळपायाची आग मस्तकात गेली. कारण घरी तिची भाची होती. मावशी धाकट्या बहिणीकडे राहत असे आणि बहिणीची ही सहा वर्षांची लेक साऱ्या आळीत ‘मोजणीबाई’ म्हणून प्रसिद्ध होती. जिन्याच्या पायऱ्या मोजी, फणीचे दात मोजी, पाहुण्याला पाणी देण्याआधी त्याच्या शर्टाची बटणे मोजी आणि एक कमी असल्यास तसे मोठ्याने सांगे. मावशीचा जीव त्या मोजण्यात अडकलेला. तिने पेन्सिल घेतली, चिठ्ठी उलटी केली आणि मालकाला चिमटा म्हणून लिहिले: ‘बेरीज दादा करेल, मी नुसती गोड हसेन’. आणि चिठ्ठी दिली वजनाखाली सरकवून.

मालक आले, त्यांनी वाचले, पुन्हा वाचले. मावशी ओरडा खायला पदर खोचून तयार होती.

“वा!” मालक म्हणाले. “हे कुणी सुचवलं? काय गोड आहे!”

“मालक, ते थट्टेनं लिहिलंय हो.”

“थट्टा कुठे आहे यात? मला तर नाही दिसली.”

“अहो, उलट्या अर्थानं घ्यायचं. वाचणाऱ्याला कळावं, की असं लिहिणं किती खुळं आहे.”

“उलट्या अर्थानं?” मालकांनी कागद खरोखरच उलटा करून पाहिला. “मागे तर नटायचं आहे. ते नको, हेच छापा. तीनशे सदरे. गुलाबी.”

काकांनी खोकल्याचे निमित्त करून खोली सोडली. मावशी स्वतःच्याच वजनाखाली सापडली. खोदू गेली परक्यासाठी खड्डा, आणि त्यात पाय तिचाच!

नव्या जाळीतून निघालेला पहिला सदरा हमखास फिसकटतो. तो छापणारीने घरी न्यावा अशी रीत होती. मावशीने तो पिशवीच्या तळाशी दडवला, पण मोजणीबाईने पिशवीतल्या वस्तू मोजल्या. झाले. सदरा अंगात गेला आणि बेतशीर बसला.

बहीण म्हणाली, “ताई, काढून घे तो. पोरीला खरं वाटेल.”

“काहीतरीच तुझं! आपली मोजणीबाई शहाणी आहे. तिला थट्टा कळते.”

“अगं, थट्टा कळायला आधी वाकडं बोलता यावं लागतं. ही अजून सरळ रेघेवर चालते.”

“मालकाला नाही कळली म्हणून कुणालाच कळणार नाही का?” मावशी हट्टाला पेटली. सज्जनहो, हट्ट हा शहाण्या माणसाचा चोरकप्पा असतो. तिला कुणातरी एकाने आपली थट्टा ओळखायला हवी होती, आणि ती आस तिने सहा वर्षांच्या जिवावर टाकली.

दुसऱ्या दिवसापासून जिना मुका झाला. पोर वर येई, खाली जाई, पण “एक, दोन, तीन” ऐकू येईना. तो सदरा वाळत असला तरी मोजणे बंदच. आठव्या दिवशी शाळेतल्या बाईंनी बहिणीला बोलावून विचारले, “हिला झालंय काय? बेरीज विचारली की छातीवर बोट ठेवते आणि हसते. अशीच हसत राहिली तर मला हिला मागच्या बाकावर, पुन्हा एक-दोनच्या घोळक्यात बसवावं लागेल.”

त्या संध्याकाळी मावशीने भाचीला मांडीवर घेतले. “का गं राणी, मोजत का नाहीस?”

“दादा करणार आहे ना. मी थांबलेय.”

“अगं, तुला दादा कुठे आहे?”

“तेच मी आईला विचारलं. दादा कधी येणार?”

आतून बहिणीचा आवाज आला, “मागून येतो त्याला दादा म्हणत नाहीत! आणि मागूनही कुणी येत नाहीये!”

“राजा, ते मी गमतीनं लिहिलं होतं,” मावशी म्हणाली.

“मग खाली ‘गंमत’ असं का नाही छापलं?” पोरीने मावशीच्या बोटांवरचा गुलाबी डाग अंगठ्याने घासला. “तू छापतेस ते खरं असतं. धुतलं तरी जात नाही.”

हे परमेश्वरा! बावीस वर्षांत कुणी मावशीच्या कामाची इतकी थोरवी गायली नव्हती, आणि कुठली थोरवी तिला इतकी बोचलीही नव्हती. भक्त जसा देवाचा शब्द अक्षरशः घेतो, तसे लेकरू मोठ्यांचा शब्द अक्षरशः घेते. देव म्हणून शब्द जपून वापरतो. आपण मात्र तीनशे सदऱ्यांवर छापतो!

सकाळी माल जायचा होता. मावशी भाचीचे बोट धरून कारखान्यात गेली आणि एका गठ्ठ्यावर ठाण मांडून बसली.

“मालक, हे सदरे जाऊ द्यायचे नाहीत.”

“मावशी, तुम्हीच लिहिलंत, तुम्हीच छापलंत!”

“म्हणूनच. हवं तर मला कामावरून काढा. पण माझी एक पोर मुकी झाली, तेवढी पुरे.”

“उगीच काहीतरी. तीस गठ्ठे तयार आहेत, दहा-दहाचे, गाडी दारात आहे.” मालक नजरेने मोजत, बोटाने नव्हे. रास डोळ्यांखालून घालून त्यांनी हुकूम सोडला, “तीस. चढवा.”

मोजणीबाई तोच सदरा घालून आली होती. ती गोड हसली. राशीकडे पाहून पुन्हा हसली. मग ते हसू जरा वाकडे झाले, ओठ आत गेले, बोटे सदऱ्याच्या काठाशी चाळा करू लागली. पोट दुखणाऱ्यासारखा तिचा चेहरा झाला. मावशीने श्वास रोखला, पाती ओढताना रोखी तसा.

“एकोणतीस,” पोर म्हणाली.

“तीस आहेत, बाळ.”

“एकोणतीस!”

मालकांनी आयुष्यात प्रथमच बोटाने मोजले. सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस. पुढे बोट टेकायला जागा नव्हती.

पोरीने मालकांकडे बोट दाखवत मावशीचा पदर ओढला आणि ती कुजबुजली. पण मुलांची कुजबूज ती, रस्त्यापर्यंत गेली. “मावशी, दादा चुकला. आता मीच करू ना?”

काकांना या वेळी खोकल्याचे निमित्त सापडले नाही. ते उघड हसले. गाडीवाला हसला. मालक कानापर्यंत लाल झाले, आणि मग त्यांनाही हसू आवरेना.

“कर, बाई, कर,” ते म्हणाले. “पण तिसावा गेला कुठे?”

“मावशीच्या खाली,” पोर म्हणाली. मावशी मुद्दाम त्यावर बसली होती की पाय दुखत होते म्हणून, हे तिने कुणालाही सांगितले नाही. देवाला ठाऊक, आणि देव चहाडखोर नाही.

उठता उठता ती म्हणाली, “मालक, सदरे वाया घालवायचे नाहीत ना? मग खाली एक ओळ आणखी छापू. ‘दादा चुकला. आता मी करते.’”

मालकांनी तिच्याकडे बारीक डोळे करून पाहिले. एकदा ठेच लागलेला माणूस. “हे थट्टेनं म्हणताय, की खरं?”

“खरं, मालक. अगदी सरळ.”

“बरं. पण लहान अक्षरात हं.”

काकांनी लहान अक्षरे केली, वीतभर उंचीची. गाडी एक दिवस थांबली. खोलीत तीनशे वेळा पाती ओढली गेली, आणि स्टुलावर उभी राहून एक कोवळा आवाज प्रत्येक सदरा मोठ्याने मोजत होता. शंभरानंतर आकड्यांसाठी त्याला मावशीची मदत घ्यावी लागली, पण थांबला तो नाही.

देवा, त्या छापमावशीच्या मनगटात बळ राहो. तिच्या जिभेचे टोक बोथट होऊ नये, आणि ते कुणाला टोचायचे हे तिला नेमके कळो. धाकट्या बहिणीचे सरळ शहाणपण त्या घरात राज्य करो. आणि त्या लेकराला तू आकाशभर चांदण्या दे, एकही कमी नको. कमी पडली, तर ती तुलाच मोठ्याने सांगेल. त्या उंबऱ्याच्या आतल्या सगळ्यांचे कल्याण होवो.