पॅनलसमोरची मोकळी जागा

इलेक्ट्रिक मेंटेनन्समध्ये वर्षं काढली की किस्से आपोआप साठतात, लोकांच्या मीटररूममध्ये सामान साठतं तसेच. आमचा नियम साधा आहे. पॅनलसमोर एक मीटर जागा मोकळी पाहिजे. दार पूर्ण उघडलं पाहिजे, आणि भडका उडालाच तर वायरमनला मागे होता आलं पाहिजे. पण मोकळी जागा दिसली की मुंबईच्या माणसाचे हात शिवशिवतात.

माझा जोडीदार परब, वायरमन, मूळचा मालवणकडचा. कुठेही गेलो तरी त्याचं एकच वाक्य असायचं, "माका मागे सरूक जागा व्हयी."

*

गिरगावातल्या एका सोसायटीचे सेक्रेटरी नियम ऐकून हसले. "एवढं रिकामं ठेवायचं? अहो, आमच्याकडे एवढ्या जागेत मुलाचा संसार सुरू झालाय." ते खोटं बोलत नव्हते.

*

दादरला पॅनलला खेटून एका काकूंचं लोखंडी कपाट होतं. "बंदच असतं हो, कुणाला त्रास नाही."

परब म्हणाला, "काकू, एक दिवस मी पण बंद पडेन."

काकूंनी त्याला चहा दिला. कपाट तिथेच राहिलं.

*

भोईवाड्यातल्या चेअरमननी शक्कल लढवली. लोकांनी थुंकू नये म्हणून जिन्यात देवाच्या टाइल्स लावतात, तशी एक पॅनलशेजारी लावली. सामान गेलं खरं, पण मग टाइलखाली पाट आला, घंटा आली, गुरुवारची आरती सुरू झाली. पुढच्या व्हिजिटला बघतो तर देव्हारा बरोबर पॅनलच्या दारासमोर. हलवा म्हटलं तर चेअरमन हात जोडून म्हणाले, "आता तुम्हीच सांगा देवाला."

परबने चपला बाहेर काढल्या आणि उरलेल्या फटीत अंग आक्रसून काम केलं. चालू पॅनलवर, अनवाणी. मला त्याचा भयंकर राग आला होता. अजून येतो.

*

लालबागच्या चाळीत मीटररूममध्ये मंडळाच्या डेकोरेशनचं प्लायवूड भरलेलं असायचं. दर व्हिजिटला मी भांडायचो. "विसर्जन झालं की काढतो," अध्यक्ष म्हणायचे. विसर्जनं होत राहिली.

एका दुपारी अर्ध्या चाळीची लाइट गेली. परब आत शिरला, मी दारात होतो. पॅनलचं दार अर्धंच उघडलं. त्याने हात घातला आणि भडका उडाला. तो मागे सरला, पण मागे प्लायवूड होतं. हॉस्पिटलमध्ये दोन दिवस काढले त्याने.

बाराव्यानंतर अध्यक्षांचा फोन आला. "एकदा येऊन बघा. सगळं सामान काढलं. चाळीची मीटिंग घेतली, आता तिथे कोणी काडीसुद्धा ठेवणार नाही."

गेलो. खोली झाडूनपुसून लख्ख केली होती. पॅनलसमोर, परब जिथे उभा राहायचा तिथेच, एक टेबल होतं. टेबलावर परबचा हार घातलेला फोटो, पुढे समई.

"कायमचा ठेवलाय," अध्यक्ष डोळे पुसत म्हणाले. "इथून तो आता कोणी हलवणार नाही."