करंजाखालचं टक्कल

आमच्या अंगणातल्या हिरवळीला करंजाखाली चांगलंच टक्कल पडलंय. आज सकाळी ते पाहून मला हसू आलं.

घर बांधलं तेव्हा बायकोला हिरवळ हवी होती आणि मला सावलीचं झाड. वाद नको म्हणून दोन्ही लावलं. हिरवळ नर्सरीतून चौकोनी तुकड्यांत आली आणि संध्याकाळपर्यंत अंगण हिरवंगार झालं. करंज मात्र बरेच दिवस नुसत्या काडीसारखा उभा होता. येणारा-जाणारा हिरवळीचं कौतुक करायचा आणि तिला वळसा घालून जायचा. तिच्यावर पाय ठेवायचा धीर कुणालाच होत नसे, आम्हालाही नाही.

पुढे करंज वाढला, त्याने गवताचं ऊन अडवलं आणि गवत विरळ होत गेलं. बायको फार हळहळली. पण त्याच उघड्या मातीवर हळूहळू चटई आली, चहा आला, शेजारणी आल्या. इतकी वर्षं बघण्यासारखं असलेलं अंगण बसण्यासारखं झालं. गवताने द्यायचं ते पहिल्याच दिवशी देऊन टाकलं होतं. करंज अजून देतोच आहे.

तेवढ्यात बायको खुरपं घेऊन आली. हिरवळीत उगवलेलं काहीही ती निर्दयपणे उपटते. आज तिला करंजाचं कोवळं रोप दिसलं. तिने ते मातीसकट अलगद काढलं आणि दुधाच्या रिकाम्या पिशवीत ठेवलं.

"हे कुणाला?" मी विचारलं.

"समोरच्यांना," ती म्हणाली. "बिचाऱ्यांनी कालच हिरवळ लावलीय."