तमिज माझीची शेवटची कडवी

तमिज माझीचा, म्हणजे आमच्या घाटावरच्या तमिज नावाड्याचा, स्वतःच्या सावलीवरसुद्धा विश्वास नव्हता. होडी घाटाला बांधायचा, दहा पावलं जायचा आणि परत येऊन गाठ ओढून बघायचा. गाठ त्यानंच मारलेली, पण म्हणून काय झालं? मासळी घेताना कल्ला उचलून बघणारे पुष्कळ असतात. हा पठ्ठ्या कोळणीच्या चेहऱ्याकडेही बघायचा, ती डोळा चुकवते का म्हणून. बायको जोहरा वैतागायची. “मोमेनाचे अब्बा, एक दिवस मलाही विचाराल, तू खरंच जोहराच ना?”

“विचारलंय,” तो पान चघळत म्हणायचा. “लग्नाच्या दिवशीच.”

पण त्याच्या संशयाला कारण होतं, आणि ते आमच्या धनू नदीच्या दोन्ही काठांना ठाऊक होतं. त्याचे उस्ताद आछिम फकीर होडीतच जगले आणि होडीतच म्हातारे झाले. नदीवर त्यांनी दीडेकशे गाणी रचली. आमच्याकडे गाण्याच्या शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव येतं. त्याला भणिता म्हणतात. आछिम म्हणे असं, आछिम म्हणे तसं. कागद नाही, शिक्का नाही; गाणं कुणाचं ते त्या एका कडव्यावरून कळायचं. एकदा जत्रेत पलीकडच्या गावचा कफिल नावाचा गवई उभा राहिला आणि आछिम फकिरांचंच गाणं गायला. शेवटच्या कडव्यात सरळ ‘कफिल म्हणे’! फकीर समोर बसलेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फकीर उठले, होडीत जाऊन बसले, आणि त्यानंतर त्यांनी नवं गाणं रचलं नाही.

मरताना त्यांनी तमिजचा हात धरला. “माझ्या जागी दुसऱ्या कुणाला बसू देऊ नकोस रे.” बस, एवढंच. तमिजनं मान हलवली. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण दीडशे गाणी पाठ होती, आणि आता ती आणखी कुणालाच येत नव्हती.

अशात एक दिवस ढाक्याहून लुत्फा आपा आल्या. कॉलेजात शिकवणाऱ्या, चष्मा लावणाऱ्या, खांद्यावर टेपरेकॉर्डर. देशाच्या नद्यांवरच्या गाण्यांचं मोठं पुस्तक करायचंय म्हणाल्या. घाटावर बसून त्यांनी जोहराच्या हातचा पाण्यात भिजवलेला भात आणि सुक्या मासळीची चटणी खाल्ली, डोळ्यांतून पाणी आलं तरी पुन्हा मागून घेतली. जोहरा तिथेच विरघळली. तमिज मात्र त्या यंत्राकडे बघत होता.

“हे काय खातं?” त्यानं विचारलं.

“आवाज, चाचा.”

“आणि परत ओकतं कुठे?”

“ढाक्यात. सगळ्या देशाला ऐकू येईल.”

सगळ्या देशाला! एका जत्रेत एक कफिल निघाला, मग सगळ्या देशात किती निघतील? नाही म्हणावं तर गाणी आपल्याबरोबर मातीत जाणार. गाऊन दाखवावं तर चोर तयारच. सकाळभर तो होडीतलं पाणी उपसत राहिला, नसलेलंसुद्धा. आणि दुपारी त्याला युक्ती सुचली. चोर काय करतो? शेवटच्या कडव्यातलं नाव काढतो आणि आपलं घालतो. ते कडवंच दिलं नाही तर घालणार कुठे, कपाळात?

तो खूश झाला. पाच दिवस गायला, साठ गाणी गायला, आणि प्रत्येक गाण्याचं शेवटचं कडवं गिळलं. गळा शेवटाकडे आपोआप वळायचा, तेव्हा तो खोकायचा.

लुत्फा आपा काही दुधखुळ्या नव्हत्या. “चाचा, हे अर्धवट वाटतं. पुढे काही आहे ना?”

“काही नाही.”

“कुणी रचलं?”

आली मुद्द्यावर, तमिजला वाटलं. “कुणास ठाऊक. नदीवर गातात सगळे.”

“मग शेवट असा तुटक कसा?”

“नदी कुठे संपते, आपा? तसंच गाण्याचं.”

हे उत्तर त्याला स्वतःलाच फार आवडलं. आपांनी ते वहीत लिहूनही घेतलं. त्या गेल्यावर तो जोहराला म्हणाला, “बघितलंस? माल दिला, पण किल्ली माझ्याकडे.”

“बाई चांगली होती हो,” जोहरा म्हणाली.

“कफिलही दिसायला चांगलाच होता.”

दोन महिन्यांनी ढाक्याहून पत्र आलं. पोस्टमन सुकुमारनं वाचून दाखवू का म्हटलं. तमिजनं ते हातातून ओढून घेतलं. ढाक्याहून पत्र येतं ते काही उगाच नाही. वाचून घेतलं की ऐकलं, ऐकलं की कबूल केलं! दुसरं पत्र आलं, तेही त्यानं पहिल्यासारखंच छपराच्या गवतात खोचलं. तिसरं आलंच नाही. “थकली,” तो समाधानानं म्हणाला.

त्यानंतर दीड वर्ष गेलं. भाद्रपदात होड्यांच्या शर्यती होत्या. नदी फुगलेली, दोन्ही काठांवर माणसंच माणसं. शर्यती संपल्यावर गाण्यांसाठी मांडव होता आणि त्याचा कारभार शाळेच्या मतीन मास्तरांकडे. तमिज उभा राहिला, उस्तादांचं गाणं उचललं. लोक लगेच बरोबर गायला लागले. तो चपापला. यांना हे कसं येतं? रेडिओवर लागतं म्हणे, महिनाभर झाला. त्याची छाती फुगली. गाणं देशात गेलं होतं आणि कुठल्याच कफिलचं नाव त्यात नव्हतं. तो शेवटावर आला, तिथे बाकीचे थांबले, आणि तो एकटा गायला:

“आछिम म्हणे, होडी माझी काठाशी बुडाली,
खोल पाणी तरलो तेव्हा सोबत कुणी केली?”

मांडवात चुळबूळ झाली. मतीन मास्तर माइकपाशी आले. माणूस वाईट नव्हता, पण माइक हातात आला की मास्तरांना शाळाच वाटायची. “चाचा, हे कडवं कुठून आणलंत?”

“कुठून म्हणजे? गाण्यातलंच आहे.”

मास्तरांनी पिशवीतून जाडजूड पुस्तक काढलं. “इथे तर नाही. इथे लिहिलंय, रचणारा अज्ञात. आणि सुरुवातीलाच छापलंय, ‘नदी कुठे संपते? ही गाणीही तशीच, त्यांना ना शेवट, ना धनी. ती नदीनंच गायली.’ चाचा, उस्तादांवर तुमचं प्रेम आहे, मान्य. पण देशाची ठेव अशी गुरूच्या नावावर चढवणं बरं दिसत नाही.”

“नदीला तोंड आहे का?” तमिज ओरडला. “माझ्या उस्तादांना होतं! मी त्यांच्या तोंडून ऐकलंय!”

“मग बाईंना का नाही सांगितलंत?”

मागून कुणीतरी म्हणालं, “म्हातारा कफिल झाला!” आणि मांडव हसला. आमचाच मांडव, आमचीच माणसं. लाज वाटायला पाहिजे होती, पण त्या वेळी सगळेच हसले.

जोहरा बायकांतून उठली ती तरातरा घरी गेली आणि परत आली तेव्हा तिच्या मुठीत धुरानं पिवळी झालेली दोन पत्रं होती. तिनं ती नवऱ्याला विचारलंसुद्धा नाही, थेट मास्तरांच्या हातात कोंबली. “वाचा. माइकवरच वाचा.”

मास्तरांनी पहिलं पत्र फोडलं. “चाचा, सलाम. प्रत्येक गाण्याच्या शेवटी तुम्ही खोकला होतात. टेप पुन्हा पुन्हा ऐकली. काहीतरी मागे राहिलंय. ही गाणी कुणाची आहेत? नाव कळवा, ते मी सगळ्यांत वर छापीन. मी थांबते.” दुसऱ्यात दोनच ओळी होत्या. “चाचा, छापखाना आता थांबत नाही. एका ओळीत नुसतं नाव लिहून पाठवा. नाहीतर मला अज्ञात लिहावं लागेल, आणि तसं लिहायला माझा हात धजत नाही.”

मास्तरांनी माइक बंद केला. आता कुणी हसत नव्हतं.

तमिज मांडवाच्या बांबूला धरून उभा होता. “कफिलनं एक गाणं नेलं,” तो म्हणाला. “मी साठ नेली.” आणि म्हातारा लहान पोरासारखा रडला, सगळ्यांदेखत.

मास्तरांनी त्याच आठवड्यात ढाक्याला लिहिलं. आपांचं उत्तर आलं, पुढच्या आवृत्तीत नाव घालते. ती आवृत्ती कधी निघणार ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि तमिजला तेवढं आयुष्य मिळालं नाही. पण मांडवातल्या त्या दिवसापासून तो प्रत्येक गाणं शेवटच्या कडव्यापासून सुरू करायचा. आधी ‘आछिम म्हणे’, मग बाकीचं. नवखे लोक म्हणायचे, माझीबुवा, उलटं गाताय. त्यावर तो म्हणायचा, “आधी उस्तादांना बसू दे, मग होडी सोडतो.”

आमच्या घाटावर आता सगळेच तसं गातात. आणि त्या दिवसानंतर तमिज होडीची गाठ मारली की मारली, परत जाऊन बघत नसे.