बैलांचं घर

"बैल धरून मोजलं का?"

कुणी काहीही मोजून आणलं, की ते चष्मा कपाळावर सरकवून हेच विचारायचे. मग ते नव्या कपाटाचं माप का असेना. सोलापूरच्या आमच्या नकाशांच्या ऑफिसात ते नकाशे गिरवणारे ट्रेसर होते, मूळचे वळसंगचे. तुम्ही हसाल, आम्हीही हसायचो. पण त्या प्रश्नात त्यांची दोन वर्षं गाडलेली होती.

मधल्या सुट्टीत डबा उरकला की ते टेबलावर पुठ्ठ्याचा पट मांडत. खेळ त्यांनीच दोन वर्षं खपून रचलेला. बाजाराच्या आवारातून आपली वाहनं आधी फाटकाबाहेर काढील तो जिंकला. पाच हात जागेला एक घर. त्या हिशेबाने ट्रकला तीन घरं, ट्रॉली जोडलेल्या ट्रॅक्टरला चार, बैलगाडीला एक. लाकडाची वाहनं कानशीने घासून केलेली. पुण्याच्या एका खेळणीवाल्याने पट बघायला मागवला होता. निवृत्तीआधी तो छापून यावा, एवढीच त्यांची इच्छा.

पण दर डावाला बैलगाडीवालाच जिंकायचा. एकदा मी वैतागून म्हणालो, "तुमच्या गाड्या उंदरासारख्या कुठूनही निसटतात की हो!" म्हणालो नसतो तर बरं झालं असतं, असं आजही वाटतं.

दुसऱ्या दिवशी ते टेप घेऊन बाजारात गेले आणि पडलेल्या चेहऱ्याने परतले.

"राव, पयलं मोजलं तवा आवारात बैल सोडून गाड्या उभ्या हुत्या. म्या नुसती मागची साटी मोजली. फुडचं बैल धरलंच न्हाईत!"

ज्यांचं लहानपण बैलांमागे गेलं, त्यांची ही चूक! आम्ही पोट धरून हसलो. ते खुर्चीत टेकले. "समदं परत करायचं. लई दमलो बगा."

तरी केलं. लाकडाचे बैल घासून गाडीपुढे जोडले. गाडीला दोन घरं दिली तर आवार तुंबलं, म्हणून पट वाढवला, सगळा नव्याने आखला. मग पुण्याहून पत्र आलं: पट खोक्यात मावत नाही, बैल काढा, गाडी एका घरात बसवा, लगेच छापतो.

मान्य करा म्हणून आम्ही सगळ्यांनी गळ घातली. त्यांनी पत्राची घडी करून खिशात ठेवली.

"बैल काढून गाडी चालती व्हय?"

निवृत्तीच्या दिवशी पट माझ्या टेबलावर ठेवून गेले. पुढे दोन वर्षांनी ते वारल्याचं कार्ड आलं.

त्या दुपारी मी पट मांडला. एका गाडीचे बैल कुठे सापडेनात. समोर खेळायला कुणी नव्हतं. तरी गाडीपुढचं एक घर मी रिकामं सोडलं.