खडीवरची दोन माणसं

वर्गात सगळे तिला मावशी म्हणत. पहिल्याच दिवशी कानात दोन-दोन बाळ्या घातलेल्या एका पोराने 'मावशी, ही खुर्ची रिकामी आहे का?' असं विचारलं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. खरं तर ती जगात कोणाचीच मावशी नव्हती. एक थोरली बहीण होती, तिने लग्न केलं नव्हतं आणि हिनेही. पण पोरं प्रेमाने म्हणतात तर म्हणू देत. ही एक हाक सोडली तर दिवसभरात तिला दुसरी हाक मारणारं तरी कोण होतं?

पंचेचाळिशीला टेकलेली बाई. इतकी वर्षं शाळेत संगीत शिकवायची, म्हणजे पेटीवर तीच ती समूहगीतं वाजवायची आणि मागच्या रांगेतल्या पोरांवर डोळे वटारायची. एक दिवस तिने कायमच्या नोकरीवर पाणी सोडलं आणि सिनेमासाठी, गेमसाठी संगीत कसं रचतात, आवाज कसे घडवतात हे शिकायला दुसऱ्या शहरात निघून आली. मुख्याध्यापिकाबाईंनी तर काळजीने विचारलं होतं, "तुमची तब्येत बरी आहे ना?"

तब्येत ठणठणीत होती. चालीही भराभर सुचत होत्या. नव्या सॉफ्टवेअरने सुरुवातीला जीव मेटाकुटीला आणला, पण तेही हळूहळू वठणीवर आलं. घोडं अडलं ते पावलांपाशी.

पडद्यावरचा माणूस चालतो तेव्हा ऐकू येणारी पावलं पुष्कळदा त्याची नसतातच. ती मागाहून स्टुडिओत कोणीतरी चालून भरलेली असतात. या कामाला फोली म्हणतात. कॉलेजच्या तळघरातल्या फोलीच्या खोलीत जमिनीवर लाकडी चौकटी होत्या. एकीत फरशी, एकीत वाळू, एकीत खडी. समोरच्या पडद्याकडे बघत त्या चौकटीत जागच्या जागी चालायचं. चालायचं, पण कुठे जायचं नाही. निवृत्त माणसांना चांगला जमेल असा उद्योग.

गेमच्या पावलांत तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिथे एकेक पाऊल सुटं रेकॉर्ड करतात आणि खेळणारा बटण दाबेल तशी मशीन ती पावलं उचलून वाजवतं. तिची पावलं स्वच्छ, नेमकी, एकमेकांत न मिसळणारी. सरांनी वर्गात वाजवून दाखवली होती. सर तिच्याहून चार-पाच वर्षांनी लहान असतील. ते ऐकताना डोळे मिटून घेत, त्यामुळे झोपले की काय अशी शंका यायची.

मग सिनेमाचं काम आलं. दवाखान्याच्या आवारातून एक म्हातारं जोडपं फाटकाकडे चाललंय. आत डॉक्टरांनी काय सांगितलं ते आपल्याला ठाऊक असतं. ती दोघं एक शब्दही बोलत नाहीत. ऐकू येतात ती फक्त खडीवरची पावलं. ज्याची पावलं पास होतील त्याला शेवटच्या वर्षाच्या फिल्मचं संगीत मिळणार होतं. ते संगीत तिला हवं होतं. त्याच एका गोष्टीसाठी तर ती घरदार सोडून इथे आली होती.

तिने आधी म्हातारीची पावलं भरली, मग बूट बदलून म्हाताऱ्याची. पडद्याशी तंतोतंत जुळवली. सरांनी डोळे मिटून ऐकलं.

"वेळ अगदी बरोबर आहे," ते म्हणाले. "पण ही दोघं एकमेकांबरोबर चालत नाहीयेत हो. एका रस्त्याने चाललेली दोन परकी माणसं वाटतात."

तिने पुन्हा केलं. म्हाताऱ्याला आणखी म्हातारा केला, म्हातारीला चपला घातल्या. सरांनी पुन्हा मान हलवली. "सोमवारपर्यंत बघा. नाहीतर मग त्या पोराचं घ्यावं लागेल." त्या पोराचं म्हणजे बाळ्यावाल्याचं. त्याचं काम ठीकठाक होतं, पण ते सरांना चाललं होतं.

मग ती रस्त्यावर माणसं बघत हिंडू लागली. जोडीने चालणाऱ्यांच्या मागे मागे जाऊन ती पावलं ऐकायची. एका बाईने वळून तिला असं काही न्याहाळलं आणि पर्स अशी काही छातीशी धरली की तिने तो नाद सोडला. शेवटी तिने बाळ्यावाल्यालाच गाठलं.

"माझ्याबरोबर जरा चालशील का रे?"

"चला की मावशी!" तो लगेच निघाला. बिचारा मनाने चांगला. कॉलेजभोवती तीन चकरा मारल्या त्याने, एक डोळा फोनवर ठेवून. तो तिच्या शेजारून चालत होता, पण वळण आलं की दोन ढांगा पुढे निघून जायचा आणि मग थांबून म्हणायचा, "अरेच्चा, तुम्ही मागेच राहिलात!"

त्या दिवशी खोलीवर येऊन ती कॉटवर बसून राहिली. खाली कपड्यांना इस्त्री करण्याचं दुकान होतं, त्यामुळे खोली दुपारभर तापलेली असायची. एक खुर्ची, एक कप, दारात चपलांचा एकच जोड. आपण शेवटचं कोणाबरोबर चाललो, हे ती आठवू लागली, आणि आठवायला वेळ लागला नाही, कारण असं माणूस आयुष्यात एकच होतं.

ताई.

ताईचा डावा पाय जन्मापासून आखूड. त्या पायात जाड तळव्याचा बूट. शाळेत जाताना ताई हिच्या दप्तराचा पट्टा धरून चालायची. "गाड्या किती भरधाव येतात, म्हणून धरते," असं म्हणायची. खरं कारण दोघींनाही ठाऊक होतं. पट्टा सोडला असता तर ही पळाली असती. पुढे आई-वडील गेले, दोघी त्याच घरात राहिल्या, आणि रोज संध्याकाळी पाचला, ताईचं शिवणकाम आटोपलं की, दोघी फिरायला जायच्या. एक पाऊल जड, एक घासत येणारं, आणि त्यांना सांभाळत हिची दोन. जन्मभर ही पाय आखडून चालली. त्याचा तिला राग यायचा. रागाची लाज वाटायची, आणि लाजेचा पुन्हा राग यायचा.

निघताना ताईनेच कपड्यांच्या घड्या घालून बॅग भरून दिली होती. चेन लावता लावता म्हणाली, "जा. तुला कधीपासून पुढे जायचंच होतं." फाटकापर्यंत मात्र आली नाही. नंतर फोन व्हायचे, पण त्यात 'जेवलीस?', 'हो, तू?', 'हो', 'बरं' यापलीकडे काही नसायचं. मग तेही विरत गेलं. आता दोन महिने काहीच नव्हतं.

रविवारी दुपारी कॉलेज ओस पडलेलं असतं. शिपायाकडून किल्ली घेऊन ती तळघरात गेली, खडीत उभी राहिली, इयरफोन कानात घातले आणि फोन लावला. ताई उचलणार नाही असं ती जवळजवळ धरूनच चालली होती.

"काय गं? बरी आहेस ना?" ताईचा आवाज घाबरलेला.

"बरी आहे. ताई, तू... जरा चालशील का?"

"कुठे?"

"घरातच. गॅलरीत. फोन स्पीकरवर टाक, म्हणजे माझी पावलं तुला ऐकू येतील, आणि कमरेला खोच. माझं कॉलेजचं काम आहे."

"मी चालायचं, हे तुझं कॉलेजचं काम? फी भरून हेच शिकवतात का तिथे?"

"असंच काहीसं."

पलीकडून कपाट उघडल्याचा आवाज. "थांब, बूट काढते. कुठे ठेवलाय कोण जाणे."

बूट शोधायला वेळ लागला. रोज संध्याकाळी पायात चढणारा बूट कपाटात गेला होता. हिच्यामागे ताई फिरायला गेलीच नव्हती.

मग इयरफोनमध्ये ते आलं. एक जड पाऊल आणि मागून घासत येणारं दुसरं. हिने रेकॉर्डिंग चालू केलं आणि खडीवर पाय टाकला. पडद्यावर म्हातारी चालू लागली. पहिल्या काही पावलांत नेहमीचंच झालं. तिचे पाय आपल्या सवयीने चालले, स्वच्छ, नेमके.

"अगं," कानात ताई म्हणाली, किंचित धापा टाकत, "जरा हळू चाल ना. मी मागे राहते."

दप्तराचा पट्टा ओढला जावा तशी ती थबकली. डोळे भरून आले आणि समोरचा पडदा पुसट झाला. पडद्याकडे न बघताच ती चालत राहिली. एक पाऊल टाकायचं, मग थोडं अडखळायचं, पलीकडचं घासतं पाऊल येऊ द्यायचं, मग दुसरं. अंतर कुठे किती सोडायचं ते तिच्या पायांना पाठ होतं. गॅलरी संपली की ताई वळायची, तेव्हा हीसुद्धा थांबायची.

सोमवारी सर आले तेव्हा म्हाताऱ्याची पावलं भरायची राहिली होती. मशीनवर फक्त हिचीच होती, आणि पडद्याशी ती जागोजाग चुकलेली होती. ती म्हणाली, "सर, हे अर्धंच आहे. दुसरा माणूस अजून यायचाय." सरांनी तरी डोळे मिटून ऐकलं. या वेळी बराच वेळ उघडले नाहीत.

"यायचा कुठे राहिलाय," ते म्हणाले. "आहे की. पडद्याशी काय, ते कापून जुळवता येईल. तुमच्याबरोबर कोण होतं?"

"कोणी नाही," ती म्हणाली. मग म्हणाली, "माझी ताई."

फिल्मचं संगीत तिला मिळालं. बाळ्यावाल्याने 'मावशी, पार्टी!' म्हणून वर्ग डोक्यावर घेतला, आणि तास संपल्यावर पार्टीची आठवण न ठेवता सगळे पांगले. ती खोलीवर आली. आनंदाची बातमी होती आणि सांगायला समोर एक खुर्ची होती. तिने फोन लावला. या वेळी पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"ताई, पास झालं. मला मिळालं ते काम."

"हो का? छान झालं गं." ताई खरंच खूश झाली होती. मग थोडी घुटमळली. "म्हणजे काम झालं तुझं."

"झालं."

"मग..." ताई म्हणाली, "आज नाही ना चालायचं? नाही, मी आपला बूट घालून बसले होते, म्हणून विचारते."

तिने घड्याळाकडे बघितलं. पाच वाजत आले होते. तिने इयरफोन कानात घातले.

"चालायचंय ना," ती म्हणाली आणि दारातल्या चपला ओढून पायात घातल्या. "थांब, आलेच मी."